बिऱ्हाड हलविताना

संग्रह करणे सोपे, संग्रह टिकविणे कठीण; परंतु ह्या दोहोंहून कठीण अशी एक तिसरी गोष्ट आहे व तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ती म्हणजे संग्रहाचे स्थलांतर. ज्या घरात चाळीस वर्षांत एक कपबशी फुटली नाही, त्याच घरातील निम्मे काचेचे सामान बिऱ्हाड हलविण्याच्या एका दिवसात फुटते. वस्तू जुन्या जागी असते तोवर ती कोठे आहे हे आपणांस ठाऊक असते. नव्या जागी लागली म्हणजे पुन्हा ठाऊक होते. परंतु मधल्या वाटेवर ती कोणाच्याच ताब्यात नसते. जी नासाडी व्हावयाची ती बहुधा ह्या मधल्या वाटेवरच होते.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या शाळेचे असेच एक बिऱ्हाड हलविण्याचे काम माझ्याकडे आले. बिऱ्हाड कसले? तर कार्यालयाच्या कोपऱ्यात, कपाटाच्या फळीवर ठेवलेली एक हातभर पेटी. तिला 'नॅस' म्हणतात. शाळेतील सर्व संगणक तारेने वा बिनतारी जोडणीने जिच्याशी जोडलेले आहेत, अशी ती सामायिक साठवणपेटी होय. तिच्यात चार हार्ड डिस्क बसविलेल्या होत्या, प्रत्येकी ४ टेराबाइटच्या. जनरल रजिस्टरांच्या प्रतिमा, जुन्या वार्षिक अंकांची पाने, निकालपत्रके, स्नेहसंमेलनांचे चित्रमुद्रण, आणि २०२० व २०२१ साली महामारीमुळे वर्ग ओस पडले असता आम्ही शिक्षकांनी भिंतीकडे तोंड करून शिकविलेले पाठ, एवढे सारे त्या पेटीत नांदत होते. नांदता नांदता जागा संपली. म्हणून ८ टेराबाइटच्या चार नव्या डिस्क आणविल्या, आणि जुन्या काढून नव्या बसवाव्यात, मात्र आतील एक अक्षरही गहाळ होऊ नये, अशी मला सूचना मिळाली.

विद्यार्थिमित्रहो, ह्या मापांची कल्पना यावी म्हणून एक गोष्ट सांगतो. इसवी सन १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने हार्ड डिस्क असलेले पहिले यंत्र विक्रीस आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, त्याचा आकार कपाटाएवढा होता, आणि त्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज तळहातावर मावणाऱ्या ८ टेराबाइटच्या एका डिस्कमध्ये त्याच्या १६ लाख पट मजकूर राहतो. ही वाढ थक्क करणारी खरी. पण भांडे मोठे झाले म्हणजे भांडे मजबूत झाले असे नव्हे. उलट, मोठा रांजण फुटला तर सांडणारे पाणीही मोठेच असते.

आता ह्या पेटीतील चार डिस्कांचे परस्परांशी काय नाते असते ते पाहू. इसवी सन १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ ह्या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला व त्यात 'रेड' ह्या नावाने आज ओळखली जाणारी योजना मांडली. एका महागड्या डिस्कवर विसंबण्याऐवजी अनेक स्वस्त डिस्कांची टोळी करावी व त्यांच्यात असा हिशेब ठेवावा की एक मेली तरी तिचे देणे इतरांकडून वसूल व्हावे, हे तिचे सार. मी वर्गात हे फळ्यावर असे दाखवितो: ५, ७ व ९ हे तीन अंक तीन मुलांना वाटून दिले, आणि त्यांची बेरीज २१ चौथ्या मुलास सांगितली. आता ७ वाला मुलगा गैरहजर राहिला तर काय बिघडले? २१ मधून ५ व ९ वजा केले की ७ परत मिळतो. यंत्रात साधी बेरीज नसून सम-विषमाचा हिशेब असतो, व बेरीज सांगण्याची पाळी चारही डिस्कांवर फिरती असते. परंतु तत्त्व हेच. ह्याच कारणाने आमच्या चार डिस्कांची एकूण जागा १६ टेराबाइट असूनही वापरास १२ च मिळत; एका डिस्कएवढी जागा बेरजेसाठी खर्ची पडे.

मात्र दोन मुले एकाच दिवशी गैरहजर राहिली तर? तर बेरीज पाठ असूनही काही उपयोग नाही. आणि दुसरी गोष्ट: मुलाने स्वतः होऊनच चुकीचा अंक सांगितला, तर बेरीजही चुकीचीच होईल. कोणी अनवधानाने फाइल पुसली तर ती चारही डिस्कांवरून एकाच क्षणी पुसली जाते. म्हणून जाणते लोक सांगतात की 'रेड' म्हणजे बॅकअप नव्हे. रेड हे दुखण्यातही घर चालू ठेवणाऱ्या शेजारणीसारखे आहे; बॅकअप म्हणजे दुसऱ्या गावी असलेले दुसरे घर.

डिस्क बदलण्याची रीत ह्याच तत्त्वावर चालते. एक जुनी डिस्क काढावयाची, तिच्या जागी नवी बसवावयाची. मग यंत्र उरलेल्या तिघींना वाचून हरवलेला अंक काढते व नवीवर लिहिते. ह्यास 'रीबिल्ड' म्हणतात. तो पुरा झाल्यावर दुसरी, मग तिसरी, मग चौथी. रीत ऐकावयास इतकी सोपी की आमचे एक तरुण सहकारी म्हणाले, "सर, एका दुपारचे काम आहे!" मी त्यांना फळ्यावर हिशेब करून दाखविला. नवी डिस्क मोठी असली तरी तिच्यावर लिहावयाचे ते जुनीएवढेच, आणि ४ टेराबाइट म्हणजे ४ लाख कोटी अक्षरे. दर सेकंदास १५ कोटी अक्षरे ह्या बऱ्यापैकी वेगाने ती लिहिली तरी एका डिस्कला जवळजवळ साडेसात तास लागतात. अशा चार फेऱ्या. आणि ह्या प्रत्येक फेरीत तिन्ही सोबती डिस्क अखंड वाचल्या जात असतात. त्या बहुधा एकाच दिवशी विकत घेतलेल्या, एकाच वयाच्या, सारख्याच थकलेल्या. ज्या तासांत एकही जास्तीची डिस्क हाताशी नाही, त्याच तासांत उरलेल्यांवर सर्वांत जास्त कष्ट पडतात. प्रारंभी ज्या 'मधल्या वाटे'चा उल्लेख केला, ती हीच.

म्हणून बिऱ्हाडाला हात लावण्यापूर्वी याद्या केल्या पाहिजेत. ह्या बाबतीत आपल्या नाशिकच्या मातीत शिकलेल्या एका विद्यार्थ्याचे उदाहरण माझ्या मनात नेहमी येते. शरणपूर येथे एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती व तेथे गुलामीतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना लेखन-वाचन आणि हुन्नर शिकवीत. त्यांपैकी जेकब वेनराइट हा एक. पुढे तो आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांच्या तुकडीत सामील झाला. मे १८७३ च्या प्रारंभी, आज झांबियात असलेल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन ह्यांचा अंत झाला. मागे राहिल्या त्यांच्या पेट्या, उपकरणे व रोजनिशा. सुसी आणि चुमा हे त्या तुकडीचे म्होरके. त्यांनी सर्व माणसांना एकत्र बोलाविले, सर्वांसमक्ष पेट्या उघडल्या, आणि लिहिता येणाऱ्या जेकबने आतील वस्तूंची यादी केली. मग ते शव व ते कागद घेऊन ही मंडळी हजार मैलांहून अधिक चालली व फेब्रुवारी १८७४ मध्ये समुद्रकाठच्या बागामोयो येथे पोहोचली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला तेव्हा शवपेटीस हात लावणाऱ्यांत नाशिकचा हा विद्यार्थी होता. त्या रोजनिशांवरून पुढे ग्रंथ झाला. विचार करा, अरण्यात, शोकात, पुढे नऊ महिन्यांची वाट असता त्या माणसांनी प्रथम काय केले? यादी केली, आणि ती सर्वांच्या डोळ्यांदेखत केली. निघताना काय होते हे लिहिलेले नसेल, तर पोहोचल्यावर काय हरवले हे कोणास सांगता येईल?

आम्हीही यादीनेच आरंभ केला. नुसती फायलींची नावे व संख्या पुरत नाही. नाव तेच राहून आतील मजकूर बिघडू शकतो. ह्यावर उपाय म्हणजे 'चेकसम'. प्रत्येक फाइल एका गणिती चाळणीतून काढली की तिचा एक ठराविक लांबीचा अंक मिळतो, जणू त्या फाइलीच्या अंगठ्याचा ठसा. फाइलीतील एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. 'शा-२५६' नावाच्या रीतीने सर्व फायलींचे ठसे आम्ही काढले व ती यादी पेटीबाहेर, निराळ्या जागी ठेवली.

नंतर प्रती. छायाचित्रकार पीटर क्रोग ह्यांनी रूढ केलेला एक सुटसुटीत नियम आहे: प्रती तीन असाव्यात, दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, व त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असावी. नाशिककरांस ह्या तिसऱ्या अटीचे महत्त्व वेगळे समजावून देण्याचे कारण नाही. २००८, २०१६ व २०१९ ह्या तिन्ही वर्षांच्या पावसाळ्यांत गोदामाईने आपल्या डोळ्यांदेखत सराफ बाजाराकडे धाव घेतली. दुतोंड्या मारुतीच्या कोठवर पाणी आले हे पाहून पुराचे माप सांगणारे आपण. एकाच गल्लीत ठेवलेल्या तीन प्रती म्हणजे पुराच्या दृष्टीने एकच प्रत, हे आपणांस सहज पटावे. आम्ही एक प्रत स्वतंत्र बाह्य डिस्कवर उतरवून, तिला संकेतशब्दाचे कुलूप घालून, नाशिकरोडला एका जबाबदार सहकाऱ्याच्या कपाटात ठेविली. आणि प्रत करून थांबलो नाही. तीतून काही फायली उलट काढून, उघडून, वाचून पाहिल्या. न उघडलेली प्रत ही न तपासलेल्या उत्तरपत्रिकेसारखी असते. तीत काय आहे ते कोणास ठाऊक?

नव्या डिस्कांचीही परीक्षा घेतली. नवी वस्तू म्हणजे निर्दोष वस्तू असे समजू नये. यंत्रे कोवळ्या वयातही मरतात. म्हणून प्रत्येक नवी डिस्क आरंभापासून अखेरपर्यंत लिहून व वाचून पाहिली. आणखी एक गोष्ट खरेदीपूर्वीच पाहावी लागते. काही डिस्कांत मजकुराच्या रेघा कौलारू छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकींवर थोड्या चढवून लिहितात. त्यामुळे जागा अधिक मिळते; पण मधले एक कौल बदलावयाचे तर शेजारची कौलेही उचलावी लागतात, व रीबिल्डचा वेग अतिशय मंदावतो. अशा डिस्क ह्या कामी घेऊ नयेत. घरी शाकारणी पाहिलेल्या मुलांना हे कारण लगेच कळेल.

मग वीज. आमच्या भागात वीज कधी जाईल ह्याचा नेम नाही, म्हणून पेटीस यूपीएस जोडला. सुटीचा काळ निवडला. पेटीवर नवे काही लिहिण्यास सर्वांस मनाई केली. आणि प्रत्येक जुन्या डिस्कवर काढल्याचा दिवस, वेळ व तिचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी लावली. पहिली डिस्क काढली तेव्हा पेटीने तारस्वरात शिट्टी सुरू केली. तिचे ते कर्तव्यच होते. तिचा एक हात आम्ही काढून घेतला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन पाहतो तो शिट्टी शांत, दिवा हिरवा. चार डिस्कांच्या चार फेऱ्या झाल्या. तोवर जागा मात्र तसूभरही वाढली नव्हती! आमच्या पेटीची रीत अशी की चौथी नवी डिस्क पूर्ण लिहून होईपर्यंत मोठ्या डिस्कांनाही धाकट्या बहिणीएवढेच खाता येते. शेवटी विस्ताराची आज्ञा दिली तेव्हा १२ चे २४ टेराबाइट झाले. संगणकाने मात्र ते सुमारे २२ च दाखविले. तेथे चोरी झालेली नव्हती. विकणारा हजाराने मोजतो व संगणक १०२४ ने मोजतो, एवढेच.

येथे एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा सांगितला पाहिजे. तेच तरुण सहकारी म्हणाले, "काढलेल्या चार जुन्या डिस्क तर आहेतच ना, सर? काही बिघडलेच तर त्या परत घालू." वरवर पाहता हे खरे वाटते. परंतु त्या चौघी एकाच क्षणी बाहेर पडलेल्या नाहीत. पहिली सोमवारी निघाली, चौथी गुरुवारी. मधल्या दिवसांत पेटीने स्वतःच्या नोंदवहीत जे फेरफार केले ते पहिलीस ठाऊक नाहीत. चार वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या चार व्यक्तींच्या छायाचित्रांवरून जसे एक समूहचित्र होत नाही, तसेच हे. त्यांचा भरवसा धरून निराळी प्रत न करणे म्हणजे आधार समजून सावलीला टेकणे होय.

सर्व झाल्यावर यादी पुन्हा हाती घेतली व ठशाशी ठसा ताडून पाहिला. हे काम कंटाळवाणे आहे, व म्हणूनच ते बहुधा टाळले जाते. टाळल्याने काय होते ह्याचे उदाहरण फार दूरचे नाही. मायस्पेस नावाच्या एका काळच्या जगप्रसिद्ध संकेतस्थळाने मार्च २०१९ मध्ये कबूल केले की सर्व्हर बदलण्याच्या कामात तीन वर्षांहून जुनी गाणी, छायाचित्रे व चित्रफिती उपलब्ध राहिल्या नसाव्यात. अनेक नवोदित गायकांची सुरुवातीची गाणी तेवढ्या एकाच ठिकाणी होती. आग लागली नाही, पूर आला नाही. केवळ बिऱ्हाड हलले.

आता कोणी विचारील, एका शाळेच्या जुन्या कागदांसाठी एवढा खटाटोप कशासाठी? त्याचे उत्तर मला एका आजींनी दिले. त्या दोन वर्षांपूर्वी शाळेत आल्या होत्या. आयुष्यभर परिचारिकेचे काम करून निवृत्त झालेल्या. मुलीकडे परदेशी जावयाचे, पारपत्रासाठी जन्मतारखेचा पुरावा हवा, आणि शाळा सोडल्याचा दाखला कधीच हरवलेला. आम्ही जनरल रजिस्टर काढले. नेमक्या त्या पानाचा कोपरा वाळवीने खाल्लेला. नाव आहे, तारीख नाही. "राहू द्या, मास्तर," त्या म्हणाल्या, "एवढी वर्षे तारखेवाचून गेली, पुढेही जातील." मग मी पेटीतील प्रतिमा उघडली. ती कोपरा शाबूत असताना घेतलेली होती. तारीख स्पष्ट, आणि तिच्या शेजारी, पालकाच्या रकान्यात, एक वेडीवाकडी सही. आजी पुष्कळ वेळ त्या सहीकडे पाहत राहिल्या. "आमच्या बाबांना लिहिता येत नव्हते असे मला वाटे," त्या म्हणाल्या, "आज कळले, तेवढे नाव लिहावयास ते शिकले होते." दाखल्याचे काम दहा मिनिटांत झाले, पण त्या अर्धा तास बसून होत्या.

स्थलांतराच्या दिवशी मला ती सही आठवत होती. लाखो फायलींतील ती एक फाइल. ती हरवली असती तर एखाद्या वेळी कोणासही कळले नसते. यादीचा उपयोग ह्यासाठीच की जे हरवल्याचे कोणास कळणार नाही, ते हरवू नये.

हेडक्लार्कांनी त्याच आठवड्यात विचारले, "सर, आता सगळे पेटीत आले, ही जुनी रजिस्टरे रद्दीत घालून कपाट मोकळे करावे का?" मी त्यांना आपल्या रामकुंडावरील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची आठवण दिली. यात्रेकरूंच्या वंशावळी व हस्ताक्षरे त्यांत पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेली असतात. वही जीर्ण झाली की नवीत उतरवून घेतात. पण पणजोबांची सही पाहावयास आलेल्या यजमानास समाधान होते ते मूळ पानाने. नवी प्रत जुनीचे काम करते. ती जुनीचा अधिकार हिरावून घेत नाही. शिवाय डिस्कचे आयुष्य थोडे. नीट सांभाळलेला चांगला कागद शतके टिकतो; डिस्कची पाच-सात वर्षे विनातक्रार गेली तरी पुष्कळ म्हणावयाचे. रजिस्टरे कपाटातच राहिली; त्यांत फक्त नवी कडुनिंबाची पाने घातली.

ह्याचा अर्थ असा की मी केलेले हे काम शेवटचे नव्हे. ह्या चार डिस्कही एक दिवस जुन्या होतील, व तेव्हा हे अंक वाचणाऱ्या तुमच्यापैकीच कोणी शिक्षक होऊन त्या पेटीपुढे बसेल. पेटीच्या मागे एका लिफाफ्यात ठशांची यादी, बदलाच्या तारखा व प्रती कोठे आहेत त्याची नोंद ठेवली आहे.

तोवर आपापल्या घरी पाहा. आजोबांचे एकुलते छायाचित्र, ताईच्या लग्नाची चित्रफीत, बाबांचा आवाज, हे सर्व आज बहुधा एकाच फोनमध्ये आहे, आणि तो फोन लवकरच बदलावयाचा आहे. दुकानदार म्हणेल, "पाच मिनिटांत सगळे नव्यात टाकून देतो, जुना इथेच ठेवून जा." तेव्हा जुना फोन त्याच्या हाती देऊ नका. आधी यादी करा, निराळी प्रत करा, नव्यात प्रत्येक वस्तू उघडून पाहा. आणि महिनाभराने, सर्व ठीक आहे अशी खात्री झाली म्हणजे मगच, जुन्याला निरोप द्या.